दोनशेचा बल्ब

मानवतला पाथरी नाक्यावर, टायरवाल्याच्या शेजारी
आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
पाटी नाही. विचारलं तर बाबा म्हणायचे,
लोक जळालेली मोटार घेऊन येतात,
वाचायला नाही येत.

समोरच्या दुकानात कुणालाही, कधीही
एकच उत्तर मिळे : उद्या.
बाबा आधी झाकण खोलत, जळक्या तारेचा वास घेत,
आढ्याकडं बघत
(तिथं कॅलेंडर नव्हतं, कोळिष्टकं होती)
आणि वार सांगत. मंगळवार. संध्याकाळी.
"मिस्त्री, पाणी तटलंय हो. उद्याला नाही का जमणार?"
"जमल. पण देणार नाही."
अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच रस्ता ओलांडत.

छत्तीस खाचा, बेचाळीस वेढ्यांची एकेक कॉइल.
मोजताना बाबा हुंकारही देत नसत.
आई जेवायला हाक मारून परत जाई.
मग वार्निश, आणि मग मोटारीच्या पोटात
दोनशेचा बल्ब पेटवून
दोन दिवस नुसतं थांबणं.
लाईट गेली की ते तास हिशेबात नाहीत,
भिंतीवरची कोळशाची रेघ पुसून पुन्हा.
लहानपणी मला वाटायचं,
आत काहीतरी उबवायला ठेवलंय.

बाबा गेले ते रविवारी, पहाटे.
बाकावर मानोलीच्या अंबादास होगेंची मोटार होती,
अर्धी भरलेली.
तिला मंगळवार दिलेला.

सोमवारी घरात माणसं मावत नव्हती.
मी मागच्या दारानं निघाले,
शटर गुडघ्याएवढं उचलून आत शिरले.
चुलते आले, वाकून म्हणाले,
"सुतकात अवजाराला हात लावतेस?"
मी वेढे मोजत होते,
म्हणून बोलले नाही.

मंगळवारी होगे आले ते मोटारीसाठी नव्हेच,
बसायला आले. टोपी हातात.
निघताना बाकाकडं मुद्दाम पाहिलं नाही त्यांनी.
म्हटलं, काका, तुमची मोटार.
बटन दाबलं. तिनं सूर धरला.
होगे पायरीवर परत बसले.
गावभर झालं : मिस्त्रीची लेक, बापाचा शब्द.
आठ-पंधरा दिवस माझे पाय जमिनीला नव्हते.

बाविसाव्या दिवशी मोटार परत आली.
तोच वास.
होगेच उलट म्हणाले,
"व्होल्टेज कमी-जास्त व्हतंय माय, तुझी काय चूक?"
झाकण खोललं.
तार बोटाला चिकटली.
बल्ब मी एकच रात्र ठेवला होता.
त्यातही तीन तास लाईट नव्हती,
आणि हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

मंगळवार पाळला होता.
मंगळवारच्या आत जे होतं, ते नाही.

तांब्याचे पैसे घेतले नाहीत.
वार सांगितला, आधीपेक्षा लांबचा.
होगेंनी मान हलवली. रस्ता ओलांडला नाही.
एकदा तिकडं पाहिलं मात्र,
खोटं कशाला सांगू.

याला आता अकरा वर्षं झाली.
समोरचं दुकान दुमजली झालं, आमचं शटर तेच.
"ताई, उद्याला नाही का जमणार?"
मी वास घेते, वर बघते,
आणि माझ्या आवाजात बाबांचा तुसडेपणा ऐकू येतो.

काल लेकानं विचारलं, जत्रेला कधी नेतेस?
हात वार्निशानं भरलेले, समोर तिघं उभे,
तोंडात "उद्या" आलाच होता.
आढ्याकडं पाहिलं. कोळिष्टकं.
म्हटलं, रविवारी.
तो नाचत टायरवाल्याकडं सांगायला गेला.

तेवढ्यात लाईट गेली,
आणि मी कोळसा शोधायला उठले.